करंगळी हलेपर्यंत

आमच्या घरात परकं माणूस आलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. एरवी सावद्यात कुणालाही विचारा, केशरबाई वाघुळदेचं तोंड कसं आहे ते. हिवाळ्यात मळ्यात भरिताच्या पंगती बसतात, तेव्हा वांगी भाजण्यापासून वाढण्यापर्यंत माझाच हुकूम चालतो, आणि मी ओरडले की शेवटच्या पानावरचा माणूससुद्धा ताठ बसतो. पण दारात पाहुणा उभा असला की मी साखर. घरातलं तोंड घरात, बाहेरचं बाहेर. माझ्या सासूनं मला हे शिकवलं, मी सुनेला शिकवलं. सुनेनं ऐकलं नाही, नातीनं ऐकलं.

हीच रीत त्या हातमोज्यांच्या वेळी आडवी आली.

सुरुवात कनकच्या शाळेतल्या बाईंपासून झाली. कनक माझी नात, चौदा वर्षांची. तिचा भाऊ निनाद नऊ वर्षांचा. जन्मताना त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून अंग त्याचं ऐकत नाही. बोलता येत नाही, टेकून बसवावं लागतं, हात मध्येच लाकडासारखे ताठ होतात. समजतं मात्र सगळं. मी त्याला निन्या म्हणते. बाप त्याचा, म्हणजे आमचा हेमराज, केळीचे ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर असतो. आता मागच्या ट्रकांना ड्रायव्हर लागत नाही. पुढच्या एकात माणूस बसतो आणि बाकीचे त्याच्या मागे आपसूक चालतात. त्या पुढच्या ट्रकात हेमराज. सून उज्ज्वला केळी पिकवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पाळीवर जाते. मग घरात उरलं कोण? मी, माझे दुखरे गुडघे आणि कनक.

बाई म्हणाल्या, "कनक वर्गात झोपते."

"तुम्ही झोप येईल असं शिकवत असाल," मी म्हटलं. पण हळू, हसून, चहाचा कप पुढे करत.

बाई हसल्या नाहीत. नवा कायदा आलाय म्हणे. ज्या घरात एक मूलच दुसऱ्या अपंग मुलाला सांभाळतं, तिथं दोघांनाही मधूनमधून विसावा मिळायला हवा. सांभाळणाऱ्या पोरांना चार दिवस बाहेर नेतात, आणि ज्याला सांभाळायचं त्याला तेवढे दिवस भुसावळच्या वाटेवरच्या विसावा-घरात ठेवतात.

"म्हणजे वाघुळद्यांच्या घरात पोरीला राबवतात, असं सरकारला कळलंय का?"

"तसं नाही, आजी. थकते ती."

"थकते? आठ वर्षांची असल्यापासून उचलतेय त्याला. एकदाही तक्रार नाही तिची."

"तेच तर," बाई म्हणाल्या, आणि चहा अर्धा ठेवून गेल्या.

माझ्या चहाचा कप अर्धा ठेवून आजवर कुणी गेलं नव्हतं.

आतून उज्ज्वला म्हणाली, "आई, जाऊ द्या ना तिला."

"आणि हा? परक्यांच्या हातात? दवाखान्यात ठेवला होता तेव्हा काय झालं, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. नर्सबाईंनी उचललं की निन्या असा ताठ व्हायचा की दोन माणसांना आवरायचा नाही. पोटात घास गेला नाही. शेवटी कनकला शाळेतून आणली, तिनं मांडीवर घेतला, तेव्हा कुठे सैल पडला. परकं माणूस वाईट होतं असं नाही. त्यांच्या हातांना निन्या वाचता येत नव्हता.

हे मी बाईंना मुद्दाम सांगून पाठवलं, म्हणजे तोंड बंद होईल. तर आठवड्यानं दारात एक पोरगी हजर, खांद्याला पेटी लावून. नजमा तडवी, पाल गावची. विसावा-घरातली यंत्रं तीच सांभाळते. म्हणाली, "आजी, तुमचा निरोप मिळाला. त्यावरच औषध घेऊन आलेय."

पेटीत हातमोजे होते. कांद्याच्या सालीसारखे पातळ, तांबूस. हातात घेतले तर वजन लागेना.

खरं सांगते, मी हो म्हटलं ते कनकसाठी नाही, कायद्यासाठी तर नाहीच. त्या हातमोज्यांच्या नादानं म्हटलं. हे करतात तरी काय, ते मला बघायचं होतं.

नजमानं जमिनीवर मांडी घालून समजावलं. "हात हलायच्या आधी स्नायूत बारीकशी वीज येते, आजी. तुमच्या-माझ्या अंगात ती जागेवर येते, म्हणून हात न्यायचा तिथं जातो. निनादच्या अंगात ती दहा ठिकाणी एकदम येते. गर्दी होते. त्याला जे करायचं असतं ते त्या गर्दीत हरवतं, आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. पण कनकचा तळवा त्याच्या अंगाखाली असला की तिला ते लागतं. कसं, ते तिलाही सांगता येणार नाही. हाताला सवय झालीय."

"वांगं हातात घेतलं की आत बी किती ते मला कळतं," मी म्हटलं. "तसंच ना?"

"अगदी तसंच! आता समजा, निनादच्या दंडाला आणि मानेला या पट्ट्या लावल्या. त्याच्या अंगात कधी कोणती वीज आली ते पट्ट्या टिपतील. त्याच वेळी कनकनं हात कुठं ठेवला, किती दाबला, कधी उचलला ते हातमोजे टिपतील. यंत्र दोन्ही शेजारी ठेवून बघत राहणार. तीन आठवड्यांत त्याला कळायला लागतं की याचं असं झालं की ती तसं करते. मग हेच हातमोजे आमच्या माणसानं घातले की ते त्याच्या बोटांना आतून चिमटे काढतात. इथं धर. आता थांब. आता उचल."

"म्हणजे परक्याच्या हातात कनकचा हात घालायचा."

"तसंच म्हणा. आणि मनगटाच्या पट्टीत कानही आहे याला. घरातले आवाज ऐकतो. कशानं तो निवांत होतो, कशानं घाबरतो, तेही यंत्र शिकतं. फक्त एक करा, आजी. रोजचं चाललंय तसंच चालू द्या. वेगळं काही करू नका."

कान आहे म्हटल्यावर तो मोजा राहिला नाही, पाहुणा झाला.

दुसऱ्या दिवसापासून घरात शिरा शिजायला लागला. कनकला मी चांगला ड्रेस घालायला लावला. निन्याला रोज आम्ही कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा काला देतो, वरणात मऊ कुस्करून, हातानं. ते परक्यांना दाखवायचं? केशरबाईच्या नातवाला हातानं भाकरी चारतात म्हणून विसावा-घरात कळायचं? म्हणून चांदीचा चमचा काढला. कनक हातमोजे घालून चमच्यानं शिरा भरवायची, आणि मी शेजारी बसून म्हणायची, "घे हं बाळा. शहाणा माझा." निन्या माझ्याकडे असा बघायचा, जशी काय दुसरीच बाई घरात आलीय. दोन चमचे कसेबसे घ्यायचा आणि ओठ मिटायचा.

"झालं, पोट भरलं त्याचं," मी मनगटाकडे तोंड करून सांगायची. मग हातमोजे काढून पेटीत. पेटीचं झाकण लागलं की कनक काला आणायची, मी खाटेवर पाय घेऊन सुरू व्हायची, "काय रे मुडद्या, खाल्लेलं जातं कुठं तुझं? पाय आहेत का काड्या? उघड थोबाड!" निन्या खिदळायचा आणि वाटी रिकामी.

कनक एकदा म्हणाली, "आजी, त्या यंत्राला खरं कळायला हवं ना?"

"त्याला काय कळायचं ते मी ठरवीन."

कनक वाटी धुवायला गेली. चार लोकांत आजीला तोंडघशी पाडायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

उचलणं, कुशीवर वळवणं, आंघोळ, हे मात्र सगळं हातमोजे घालूनच चालायचं, त्यात मी लुडबुड केली नाही. मधूनमधून मी स्वतःही ते घातले. म्हटलं, या घरात हात माझा आहे, यंत्रालाही तो घेऊ दे.

तीन आठवड्यांनी नजमा परत आली, आपल्या काचेच्या पाटीवर यंत्रानं टिपलेलं बघत, बोट फिरवत बसली. "झकास शिकलंय. उचलणं तर फारच छान."

"माझं किती घेतलं त्यानं?"

नजमा घुटमळली. "आजी... तुमचे हात घाईचे आहेत. यंत्रानं ते बाजूला ठेवले."

"बाजूला म्हणजे?"

"त्यांच्यावरून काही शिकता येईना त्याला."

आख्ख्या तालुक्यात माझ्या हाताच्या भरितासाठी लोक तारीख मागायला येतात. आणि हे कांद्याचं साल म्हणतं, केशरबाईचा हात बाजूला ठेवला. मी त्या दिवशी नजमाला चहा दिला, पण साखर कमी टाकली.

जायच्या दिवशी कनकला तोरणमाळला नेणारी बस शाळेपाशी उभी होती. निन्या जन्मल्यापासून त्याच्याशिवाय ती रात्रीची कुठं राहिली नव्हती. पिशवी खांद्याला होती, पण हात कुठं ठेवावे ते तिला कळेना. एकदा मागे बांधले, एकदा पुढे. शेवटी पिशवीच पोटाशी धरली, त्याला धरते तशी.

"आजी, तो खाईल ना?"

"चढ गाडीत. खाईल."

त्याच सकाळी निन्या विसावा-घरात गेला. दुपारी नजमाचा फोन आला की उचललं तर ताठ झाला नाही, कुशीवर वळवला तर हसला. तिथल्या सेवकाला तर विश्वासच बसेना, म्हणाली. उज्ज्वला रडायला लागली, सुखानं. मी म्हटलं, रडतेस काय, कामाला जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा.

"आजी, तो खातच नाहीये. कालपासून दोन-दोन चमच्यांवर ओठ मिटतो. पाणीही जेमतेम. घरी नक्की काय खातो तो?"

"शिरा. मऊ भात. तूप."

"तेच देतोय. यंत्राच्या हिशेबानं दोन चमच्यांत पोट भरायला हवं, पण वजन बघता ते खरं वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, दुपारपर्यंत बघू. नाहीतर कनकला परत आणावं लागेल. गाडी पाठवली की संध्याकाळपर्यंत येईल ती."

आता खोटं कशाला बोलू? आधी मला बरं वाटलं. बघा, म्हटलं, कायदा आला, यंत्र आलं, तरी आमच्या घराशिवाय पान हललं का तुमचं? यायची ती पोरगी परत, घ्यायची त्याला मांडीवर, आणि बाईंचं तोंड बंद व्हायचं.

"बोलवा," मी म्हणणार होते. ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात उज्ज्वलानं तिचा फोन माझ्यापुढे धरला. तोरणमाळहून बाईंनी फोटो पाठवला होता. तळ्याकाठी पोरं पाण्यात दगड फेकतायत. कनक एका बाजूला बसलेली, पाय पाण्यात, तोंड किंचित उघडं. दोन्ही हात मांडीवर पडलेले, तळवे वर. त्यांत काहीच नव्हतं.

मी तो फोटो बोटांनी मोठा केला. हात बघितले. मग अजून मोठा केला. मला कुतूहलच वाटलं. हे हात माझ्या घरात इतकी वर्षं आहेत, आणि मोकळे कसे दिसतात ते मी पहिल्यांदा बघत होते. त्यांत वाटी नाही, टॉवेल नाही, निन्या नाही. एखाद्या अनोळखी पोरीचे असावेत तसे.

"नजमा," मी फोनवर म्हटलं, "पोरीला हलवू नकोस. मी येते."

"तुम्ही? आजी, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. दुपारपर्यंत थांब म्हणावं डॉक्टरला."

काला केला, डब्यात भरला, आणि बसमध्ये बसले. वाटेत दोन्ही बाजूंना केळी, वर औषध फवारणारी ती उडती यंत्रं. मी मनात एकच घोकत होते. तिथं सगळ्यांच्या देखत सांगावं लागणार की केशरबाईनं यंत्राला दाखवलं ते नाटक होतं.

विसावा-घर चांगलं होतं. भिंती पिवळ्या, फरशी स्वच्छ. दारात पाटी, 'मुलांशी मृदू बोलावे.' निन्या टेकून बसवलेला, ओठ घट्ट, मान मागे ताणलेली. त्याच्यापुढे चेतन नावाचा सेवक, हातात ते मोजे, चमच्यात शिरा. पोरगा गरीब, तोंडात साखर.

"निनादराजे, एकच घास. आमच्यासाठी? घ्या ना."

निन्यानं मला पाहिलं आणि घशातून आवाज काढला. मी पदर खोचला.

"नजमा, ऐक. शिरा तो खात नाही. तो पाहुण्यांसाठी होता. याला काला लागतो, हातानं. मोजे काढल्यावर आम्ही खरं जेवण द्यायचो."

नजमानं कपाळाला हात लावला. "मी म्हटलं होतं, वेगळं काही करू नका!"

"दारात पाहुणा आल्यावर तू घरात फाटकी चटई टाकतेस का? मग? आता बोलू नकोस. दे ते इकडे."

"हातमोजे घालूनच भरवा, आजी. निदान आता तरी शिकू दे त्याला."

घातले. आधी गार लागले, मग अंगाच्या उबेला आले. उजव्या हातात घास घेतला आणि नेहमीसारखा तोंडाशी नेला, तर हातमोज्यानं माझी बोटं आतून धरली. डाव्या हातालाही ओढ लागली, निन्याच्या उजव्या पंजाखाली जाण्याची. नेला तिथं. तळवा वर. आणि मग काहीच नाही. नुसतं थांब, थांब, थांब.

"हे बिघडलंय."

"नाही बिघडलं," नजमा म्हणाली. "ती कनक आहे. ती थांबते."

"कशासाठी?"

"त्याच्या होकारासाठी. प्रत्येक घासाआधी, उचलायच्या आधी, कूस वळवायच्या आधी. आम्हालाही यंत्रातूनच कळलं. त्याची उजवी करंगळी हलते, केसाएवढी. ती हलली की कनक पुढं जाते. नाही हलली तर थांबून राहते."

मला वाटायचं, कनक भरवताना त्याचा हात धरते तो त्यानं वाटी उडवू नये म्हणून. इतकी वर्षं डोळ्यांसमोर चाललेलं. माझी नात माझ्या नातवाला घासागणिक विचारत होती, आणि मी तिथंच शेजारी बसून ओरडत होते.

आणि माझे हात यंत्रानं का बाजूला ठेवले, तेही तेव्हा लक्षात आलं. मी कधी कुणाला काही विचारलेलंच नव्हतं.

थांबले. डॉक्टर दारात उभे. निन्याची मान ताणलेलीच. करंगळी हलेना.

"काय चुकतंय?" नजमा पुटपुटली. "घास तोच, हात तोच."

काय चुकतंय ते मला ठाऊक होतं. मी दारावरच्या पाटीकडे पाहिलं. डॉक्टरकडे पाहिलं. चेतनकडे. माझ्या सासूची मनातल्या मनात माफी मागितली आणि तोंड सोडलं.

"काय रे मुडद्या! उपास धरलास का? कुठल्या देवाला नवसाचा बोकड म्हणून सोडायचाय तुला? इथं पिवळ्या भिंतीत बसून राजा झालास होय रे? मी गुडघे घासत आले आणि हा टोणगा तोंड मिटून बसलाय! उघड थोबाड, नाहीतर या चेतनच्या तोंडात घालीन घास!"

चेतन दचकून मागे सरकला. निन्या आधी पोटातून हलला, मग खांद्यातून, मग खिदळला, असा की खुर्ची वाजली. हसता हसता मान सैल पडली. आणि माझ्या तळव्यावर काहीतरी लागलं. मुंगी चालल्यासारखं. करंगळी.

हातमोज्यानं बोटं सोडली. घास गेला. गिळला.

पुन्हा तळवा, पुन्हा थांबणं, पुन्हा शिव्या, पुन्हा मुंगी. डबा रिकामा झाला तेव्हा डॉक्टर कधी निघून गेले होते ते कळलं नाही.

नजमा पाटीवर बघत होती, डोळे मोठे करून. "हसला की त्याची मान आणि घसा ढिला होतो, आजी. मगच गिळता येतं. तुमचा आवाज म्हणजे अर्धं जेवण आहे त्याचं. हात तिचा आणि तोंड तुमचं!"

"मग? बाजूला ठेवणार का तोंडसुद्धा?"

"मी रेकॉर्ड करून घेतलंय. रोज जेवताना वाजवू?"

"मी मेले का? आणि माझ्या शिव्या शिळ्या चालत नाहीत त्याला. रोज ताज्या लागतात. या चेतनला शिकव."

चेतननं संध्याकाळी करून पाहिलं. हातमोजे घातले, तळवा ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाला, "अहो मेल्या, घ्या ना."

निन्या इतका हसला की माझ्या शिव्यांनाही कधी हसला नसेल. वाटी संपली. मी रात्रीच्या बसनं घरी आले, आणि कनकला कुणी काही कळवलं नाही.

ती आली तेव्हा उन्हानं काळवंडली होती. पिशवी दारातच टाकून सरळ निन्याकडे, डावा हात त्याच्या हाताखाली. मी बघत राहिले. आता मला दिसत होतं.

हिवाळा तोंडावर आला तेव्हा नजमाचा निरोप आला. पुढची पाळी आलीय, कनकचं नाव धरू का? एरवी असल्या गोष्टींची उत्तरं या घरात मी देते. या वेळी कनकला हाक मारली. ती निन्याच्या खाटेवर बसून त्याची नखं कापत होती.

"जायचंय का गं तुला?"

"नको, आजी. इथं कोण बघणार?" पटकन म्हणाली.

नेहमी हे उत्तर मी घेते आणि उठते. आज उठले नाही. तिच्या शेजारी बसले, आणि माझा हात खाटेवर ठेवला, तळवा वर. बोलले काही नाही. उज्ज्वला दारात येऊन काहीतरी म्हणणार होती, तिला डोळ्यांनीच गप्प केली. माझ्या जिभेला इतका वेळ बंद राहायची सवय नाही, आत वळवळत होती. निन्यासुद्धा माझ्याकडे टक लावून बघत होता की ही बोलत का नाही.

मग कनकनं नेलकटर खाली ठेवलं. तिचा हात माझ्या तळव्यावर आला. हलका लागेल असं वाटलं होतं, तर घट्टे होते त्याला.

"तिथं छान होतं," ती म्हणाली. "पण तिथंही सारखं काहीतरी करायला सांगतात. गाणी म्हणा, खेळा, बोला. आजी, मला... मला घर पाहिजे. आपलंच. एक दिवस. कुणी नसलेलं. निन्या नको. आई नको." आणि थांबली.

"आणि?"

"तू नको."

सावद्यात माझ्या तोंडावर असं बोलणारं माणूस अजून जन्माला आलं नव्हतं. आलं होतं, माझ्याच घरात, चौदा वर्षांपूर्वी. राग येईल म्हणून मी जरा वाट पाहिली. आला नाही.

"एकटी काय करशील गं घरात?"

"माहीत नाही," कनक म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "तेच बघायचंय."

नजमाला सांगितलं. ती म्हणाली, असं याआधी कुणी मागितलं नाही, पण का नाही? निन्यासाठी जागा आहेच, आणि चेतनला तुम्ही हव्याच आहात, त्याच्या शिव्या अजून कच्च्या आहेत.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली. उज्ज्वला कामावर गेली होती, तिथून बहिणीकडे जाणार होती. निन्याला गाडीत बसवला, हातात काल्याचा डबा घेतला. कनक उंबरठ्यावर उभी, अंगात जुना गाऊन, केस मोकळे. हात मोकळे.

मला सांगायचं होतं की दूध तापवून ठेवलंय, झाकण सरकव. गॅसचा खटका नीट बंद कर. मागच्या दाराशी मांजर येतं. कुणी आलं तर आधी खिडकीतून बघ. केवढी रांग लागली होती शब्दांची. त्या सगळ्यांना मी जिभेखाली धरून ठेवलं आणि गाडीत चढले.

हातमोजे पेटीतच होते. मी माझा तळवा निन्याच्या उजव्या हाताखाली सरकवला.

"निघायचं का रे, टोणग्या?"

ड्रायव्हर आरशातून बघत होता. "आजी, निघू?"

"थांब जरा. तुला कुठली घाई आहे?"

थांबलो. मग तळव्यावर मुंगी चालली.

"चल," मी म्हटलं.

गाडी हलली, आणि मागं आमच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. आतून.